हरवलेल्यांच्या यादीत नसलेले

फाळणीच्या दंगलीत पंजाबात किती बायका पळवल्या गेल्या, याचे ठरीव उत्तर पुस्तकोपुस्तकी सापडते: भारतात राहिलेल्या मुसलमान बायका ५०,०००, पाकिस्तानात राहिलेल्या हिंदू आणि शीख बायका ३३,०००. आकडे असे गोल असले की ते मोजले कोणी, हे विचारावे. घरे जळत असताना शिरगणती होत नसते. या आकड्यांच्या मागे आहेत ते बव्हंशी नातेवाइकांनी केलेले अर्ज आणि त्या अर्जांवरून बांधलेले अंदाज. कोणीतरी छावणीत पोचले, कारकुनासमोर बसले, आपली मुलगी, बहीण किंवा बायको मागे राहिल्याचे सांगितले, तेव्हा कुठे एक नाव यादीत चढले. म्हणजे हरवलेल्यांची म्हणून जी संख्या आपण वाचतो, ती बऱ्याच अंशी शोधणाऱ्यांची संख्या आहे. ज्याला शोधायला कोणी उरले, तोच सरकारदरबारी हरवला. धर्माच्या नावाने झालेल्या हिंसाचारात माणसांचा शोध कसा घेतला गेला याचा इतिहास वाचताना ही गोष्ट नजरेआड झाली, की शोधाचे यश आणि अपयश दोन्ही चुकीच्या मापाने मोजले जाते.

शोध सुरू कसा होई ते आधी पाहू. १९४७ च्या ऑगस्टपासून पंजाबच्या दोन्ही बाजूंनी माणसांचे काफिले निघाले. काही बैलगाड्यांनी, काही आगगाडीने, पुष्कळसे पायी. ताटातूट व्हायला प्रत्यक्ष हल्लाच व्हावा लागे असे नाही. नदीच्या उताराजवळची रेटारेटी, गाडीच्या टपावर मिळालेली आणि डब्यात न मिळालेली जागा, रात्री भलत्याच काफिल्यात मिसळलेली चार माणसे, एवढे पुरे होई. मग वाचलेला माणूस छावण्या धुंडाळी. लाहोरची वॉल्टन छावणी, दिल्लीचा पुराना किल्ला आणि हुमायूनचा मकबरा, कुरुक्षेत्रावरची तंबूंची अफाट वस्ती. रेडिओवरून निर्वासितांचे निरोप वाचले जात: अमक्या गावचा तमका सुखरूप आहे, अमक्या छावणीत आहे, घरच्यांनी कळवावे. वर्तमानपत्रांत तशाच जाहिराती येत. बाई पळवली गेली असेल तर संपर्क अधिकाऱ्याकडे लेखी माहिती द्यायची. तिचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, गाव, ठाणे, जिल्हा, कुठून आणि केव्हा नेली, कोणावर संशय आहे. ही माहिती सीमेपलीकडे जाई, तिथली स्थानिक पोलीस तुकडी आणि इकडची समाजसेविका मिळून त्या गावी जात. बातमी आधीच फुटली असेल तर बाईला दुसऱ्या गावी हलवलेले असे. सापडलीच तर लाहोरच्या गंगाराम इस्पितळातली किंवा जालंधरची छावणी, आणि तिथे घरच्यांची वाट. कमळाबेन पटेल यांनी लाहोरला राहून हे काम वर्षानुवर्षे केले आणि पुढे त्यावर गुजरातीत पुस्तक लिहिले. काम कसे चाले हे समजायला सरकारी अहवालांपेक्षा अशा कार्यकर्त्यांचे लिखाण जास्त उपयोगी पडते.

आता या अर्जातली एक गोष्ट पाहा. तो भरायला बाईचे गाव आणि तिच्या बापाचे नाव ठाऊक असलेला, जिवंत, सीमा ओलांडून आलेला आणि बोलायला तयार असलेला माणूस लागतो. चारही अटी एकदम पुऱ्या होणे १९४७ साली सोपे नव्हते. रावळपिंडी जिल्ह्यातल्या खेड्यांत मार्च १९४७ मध्येच कुटुंबेच्या कुटुंबे संपली होती. तिथल्या एखाद्या मुलीसाठी अर्ज करणार कोण? पुढे काश्मीरची लढाई पेटल्यावर रावळपिंडी, झेलम, गुजरात हे जिल्हे भारतीय पथकांना बंदच झाले, तेव्हा ज्यांची नावे होती त्यांचाही माग राहिला नाही. बोलायला तयार असण्याची अट तर आणखी अवघड. याच रावळपिंडी जिल्ह्यातल्या थोहा खालसा गावी नव्वदच्या आसपास बायकांनी विहिरीत उड्या घेतल्या आणि त्या घटनेचा गौरव झाला. ज्या समाजात मेलेल्या बाईचा असा गौरव होतो, तिथे जिवंत राहून परक्या घरी गेलेल्या मुलीचे नाव कारकुनाला सांगणे बापाला किती जड गेले असेल! नेहरूंना जानेवारी १९४८ मध्ये जाहीर आवाहन करावे लागले की परत आलेल्या बायकांना घरात घ्या, आणि गांधीही प्रार्थनासभांतून तेच सांगत होते. घरे उघडी असती तर असे आवाहन कोणी केले नसते. शिवाय जो शोधत होता पण नात्यातला नव्हता, त्याला अर्जात जागा नव्हती. मैत्रीण, शेजारीण, घरची कामवाली, वाटेत जोडीने चाललेली बाई, यांच्यासाठी जीव टाकणारे लोक असणारच, पण त्यांचे सांगणे दावा म्हणून धरले जाण्याची सोय नव्हती. शोधमोहिमेच्या प्रमुख मृदुला साराभाई यांचे मत होते की पाकिस्तानात अडकलेल्या बायकांचा १९४८ चा १२,५०० हा सरकारी आकडा खऱ्याच्या एक दशांश असेल. त्यांच्या दसपटीची बेरीज कोणी पडताळू शकलेले नाही. पण रोज त्याच याद्या हातात घेऊन फिरणारी बाई त्यांना इतके अपुरे मानत होती, हा पुरावा हलका नाही.

यावर सरळ आक्षेप येतो की सरकार नातेवाइकांच्या अर्जांवर थांबले नव्हते. ६ डिसेंबर १९४७ ला लाहोरात दोन्ही देशांचा करार झाला, आणि १९४९ मध्ये भारताने पळवलेल्या व्यक्तींचा शोध आणि परतपाठवणी यासाठी स्वतंत्र कायदाच केला. कोणी मागणी केली नसली तरी पोलिसांना शोधता यावे, हाच त्याचा हेतू. आक्षेप खरा आहे, पण त्यातून माझ्या म्हणण्याला बळच मिळते. कायद्यातली व्याख्या बघा: १ मार्च १९४७ च्या लगेच आधी मुसलमान असलेली कोणत्याही वयाची स्त्री, किंवा सोळा वर्षांखालचा मुलगा, त्या तारखेपासून १ जानेवारी १९४९ च्या आत कुटुंबापासून तुटला आणि आता बिगरमुसलमान घरात राहत असला, की तो पळवलेला. त्यात जबरदस्ती झाली की नाही, हा प्रश्नच नाही. पोलिसाला वॉरंटाविना घरात शिरता येई, आणि छावणीत ठेवण्याला कोर्टात आव्हान देता येत नसे. शोधणारे माणूस बाजूला गेले, त्याच्या जागी सरकार आले, आणि सरकार एका विशिष्ट बाईला शोधत नव्हते, व्याख्येत बसणाऱ्या बाईला शोधत होते. तिचे माणूस कोण, हे तिला विचारण्याची तरतूद नव्हती. मोहिमेच्या मानद सल्लागार रामेश्वरी नेहरू याच मुद्द्यावर बाजूला झाल्या. कायद्याच्या वैधतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो पंजाब राज्य विरुद्ध अजायबसिंग म्हणून; ज्याच्या घरातून एका अल्पवयीन मुलीला पोलिसांनी नेले, तोच माणूस तिच्या सुटकेसाठी अर्जदार होता. उच्च न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवला, १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि असे ताब्यात घेणे म्हणजे अटक नव्हे असे सांगितले. मुलीच्या बाजूने कोर्टात उभा राहू शकणारा एकुलता एक माणूस तिला पळवल्याचा आरोप असलेला असावा, यात त्या काळाची सगळी कुचंबणा आली. १९५४ मध्ये दोन्ही देशांनी मान्य केले की नको असेल त्या बाईला बळाने धाडायचे नाही. तोवर मोहिमेचे बहुतेक काम उरकले होते. १९५५ पर्यंत भारतातून सुमारे २०,७०० आणि पाकिस्तानातून सुमारे ९,००० बायका परत पाठवल्या गेल्या.

शोधणारा असूनही कायद्याने त्याला शोधणारा मानले नाही, याचे सर्वांत ठाऊक असलेले उदाहरण बूटासिंगचे. या शीख शेतकऱ्याने दंगलीत सापडलेल्या एका मुसलमान मुलीला आसरा दिला, पुढे लग्न केले, मुले झाली. मग शोधपथक आले आणि तिला पाकिस्तानात नेले. तिचा ठावठिकाणा पुतण्यांनी जमिनीच्या लोभाने सांगितला, असे म्हणतात. बूटासिंग मुसलमान होऊन सीमा ओलांडून तिच्यामागे गेला. लाहोरच्या कोर्टात घरच्यांच्या देखत तिने त्याला नाकारले, आणि १९५७ मध्ये त्याने आगगाडीखाली जीव दिला. त्यावर गाणी झाली, सिनेमे झाले, आणि गोष्ट प्रेमकथेत जमा झाली. मला त्यातले कागदाचे अंग महत्त्वाचे वाटते. बायकोला शोधत निघालेला हा नवरा दोन्ही देशांच्या फायलींत पळवणारा म्हणून होता, आणि तिच्यासाठी अर्ज करण्याचा हक्क ज्यांना होता त्यांची गरज वेगळी होती. तिने नाकारले ते मनापासून की भीतीने, हे ठरवण्याचा आव आणू नये. पण कोणाचा शोध खरा आणि कोणाचा नाही, हे नात्याचा आणि धर्माचा रकाना पाहून ठरले, एवढे निश्चित.

दुसरा आक्षेप लोकसंख्याशास्त्राचा. अर्ज अपुरे असतील, पण १९३१ आणि १९५१ च्या जनगणना आहेतच. त्यांची तुलना केली की शोधणारा असो नसो, तूट दिसतेच. तशी तुलना झालेलीही आहे. २००८ मध्ये तीन अर्थशास्त्रज्ञांनी मांडलेल्या हिशेबात फाळणीमुळे जवळपास १ कोटी ७९ लाख माणसे आपली ठिकाणे सोडून गेली आणि १ कोटी ४५ लाख दुसरीकडे पोचली. मधली ३४ लाख कुठेच लागत नाहीत. हा अंदाज आहे, त्यातले सगळेच मेले असे कोणी म्हणत नाही. काही तिसऱ्याच ठिकाणी गेले असतील, काहींनी धर्म बदलून नाव फिरवले असेल. तरी ८३,००० च्या यादीशेजारी ३४ लाखांची तूट ठेवली की अर्जाच्या खिडकीतून काय दिसत होते आणि काय नाही, याचा अदमास येतो. हे मान्य करूनही एक अडचण राहते. जनगणनेतल्या तुटीला नाव नसते. तिच्यावरून कोणाची चौकशी होत नाही, कोणाच्या मुलाला दाखला मिळत नाही. माणूस व्यवहारात हरवलेला ठरतो तो कोणी नाव घेऊन दारात उभे राहिल्यावरच. आपल्याकडे २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १०८ हेच गृहीत धरून लिहिलेले होते: जिवंत असता तर ज्यांना साहजिकच खबर लागली असती, त्यांना सात वर्षे काही कळले नाही, तर माणूस मेला असे धरता येई. ज्यांना खबर लागावी असे कोणीच नसेल, तर सात वर्षे मोजायची कोणी, याविषयी कलम गप्प होते.

हे सगळे पंजाबचे, जुने आणि फाळणीसारख्या अपवादाचे म्हणून सोडून देता आले असते, पण मुंबईने ते सोडू दिले नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मेली: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर, आणि ४५ अज्ञात. बेपत्ता म्हणून वेगळी संख्या आहे, १६८. अज्ञात मृतदेह एका रकान्यात आणि बेपत्ता माणसे दुसऱ्या रकान्यात. काही जण दोन्हीकडे असू शकतील. मृतांच्या वारसांना भरपाई मिळाली, पण बेपत्तांपैकी फक्त ६० जणांच्या घरच्यांना. ४ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा १०८ जणांची भरपाई तशीच पडून होती, कारण वारसांचा पत्ता लागला नाही किंवा त्यांनी कागदपत्रे पुरी केली नाहीत. न्यायालयाने दोन लाख रुपयांवर जानेवारी १९९९ पासून नऊ टक्के व्याज द्यायला सांगितले आणि या वारसांना शोधण्यासाठी समिती नेमली.

म्हणतील की यात गूढ काही नाही, लोक गावी परतले, झोपड्या तुटल्या, पत्ते बदलले. कारण तेच असेल. पण मग ते १९९३ मध्येच दिसत होते. ज्या वस्त्यांतून माणसे जीव घेऊन पळाली, तिथे महिन्या-दोन महिन्यांनी नातेवाईक जुन्या पत्त्यावर सापडतील अशी अपेक्षा करायला पोलीस ठाण्याला कोणी सांगितले नव्हते. त्या वेळी खोलीमालक, कारखान्याचा मुकादम, एकाच खोलीत जागा वाटून राहणारे कामगार, मशिदीचा मुतवल्ली, रेशन दुकानदार यांच्याकडून बेपत्ता माणसाचे नाव, गाव आणि ओळख लिहून घेता आली असती, आणि त्या नोंदी शवागारातल्या अज्ञातांशी ताडून पाहता आल्या असत्या. भरपाई वारसालाच द्यावी हे ठीक. पण माणूस हरवल्याची खबर वारसानेच द्यावी असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे? २०२२ नंतर समितीने हेच केले तर १०८ पैकी काहींचे गाव कदाचित उत्तर प्रदेशात किंवा बिहारात सापडेल. मात्र ज्या मुकादमाला १९९३ साली त्या गावाचे नाव पाठ होते, तो आज कुठे आहे हे आधी शोधावे लागेल.