बाहुल्यांची साक्ष

परीक्षेसाठी विद्यार्थी जो प्रबंध लिहितो, त्याचे पुढे काय होते? परीक्षक तो वाचतात, गुण देतात, आणि मग तो कॉलेजच्या कपाटात धूळ खात पडतो. बहुतेक प्रबंधांच्या नशिबी हेच येते. पण अमेरिकेतल्या एका विद्यार्थिनीने सुरू केलेला अभ्यास थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. ती हकिगत आज सांगणार आहे. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी ती जरूर ऐकावी.

मेमी फिप्स हिचा जन्म १९१७ साली आर्कान्सा राज्यातल्या हॉट स्प्रिंग्ज या गावी झाला. वडील डॉक्टर, घरचे बरे होते. पण ती कृष्णवर्णीय, आणि त्या राज्यात गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. वेगळा पाणवठा आणि गावकुसाबाहेरची वस्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचा अर्थ निराळा समजावून सांगायला नको.

१९३४ साली ती वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गेली. विषय घेतला होता गणित. तेथे केनेथ क्लार्क हा मानसशास्त्राचा विद्यार्थी भेटला. त्याच्या सांगण्यावरून तिने मानसशास्त्र घेतले. पुढे दोघांचे लग्नही झाले. १९३८ साली पदवी मिळाल्यावर उन्हाळ्यात तिने ह्यूस्टन वकिलांच्या कचेरीत काम केले. वेगळ्या शाळांविरुद्ध झगडणारे वकील तेथे जमत. त्यांची बोलणी तिच्या कानावर पडत.

मग एम. ए.साठी तिने प्रश्न निवडला तो असा: आपण काळे आहोत हे लहान मुलाला केव्हा उमगते? वॉशिंग्टनच्या बालवाड्यांतली १५० कृष्णवर्णीय मुले तिने घेतली. त्यांच्यापुढे गोऱ्या आणि काळ्या मुलांची चित्रे ठेवली. सोबत सिंह, कुत्रा, विदूषक, कोंबडी. आणि विचारले, यातला तू कोणता? १९३९ साली हा अभ्यास छापून आला.

त्यानंतर शिष्यवृत्ती मिळाली आणि पतिपत्नींनी काम वाढवले. आता आल्या बाहुल्या. चार बाहुल्या, सगळ्या सारख्या, फक्त दोन गोऱ्या आणि दोन तपकिरी. तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांना सांगितले: खेळायला आवडेल ती दे, चांगली असेल ती दे, वाईट दिसते ती दे, आणि शेवटी, तुझ्यासारखी दिसते ती दे. १९४७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंभरातल्या ६७ मुलांनी खेळायला गोरी बाहुली निवडली. ५९ जणांनी तपकिरी बाहुली वाईट दिसते असे दाखवले. आणि ‘तुझ्यासारखी कोणती?’ म्हटल्यावर ६६ जणांना तीच तपकिरी बाहुली उचलावी लागली. काही मुले तर ह्या प्रश्नावर रडू लागली.

मेमीने पीएच. डी. मिळवली ती १९४३ साली, कोलंबिया विद्यापीठात. तिचे मार्गदर्शक प्राध्यापक गॅरेट हे वंशभेदाचे समर्थक. १९५२ साली व्हर्जिनियातल्या एका खटल्यात ते वेगळ्या शाळांच्या बाजूने साक्षीला उभे राहिले. त्यांचे म्हणणे खोडून काढायला कोण आले? त्यांचीच विद्यार्थिनी.

हे कोलंबिया आपल्याला परके नाही. ९ मे १९१६ रोजी तेथेच डॉ. गोल्डनवायझर यांच्या वर्गात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला होता. तोही विद्यार्थ्याचाच निबंध, आणि पुढच्याच वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापला गेला.

१७ मे १९५४ रोजी नऊही न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की वेगळ्या शाळा घटनेविरुद्ध आहेत. निकालाच्या अकराव्या तळटीपेत समाजशास्त्रीय आधार दिले आहेत. त्यांत केनेथ क्लार्कचे नाव आहे, मेमीचे नाही. हा अभ्यास मुळात मेमीचा, आपण त्यात मागाहून शिरलो, असे खुद्द केनेथने पुढे सांगितले; पण ते पुष्कळ उशिरा.

अभ्यासावर टीकाही झाली, आणि ती रास्त होती. उत्तरेकडच्या मिश्र शाळांतल्या मुलांनीही गोरीच बाहुली अधिक निवडली होती. म्हणजे दोष एकट्या शाळेचा नव्हता. बाजारात, रस्त्यावर, चित्रांच्या पुस्तकांत, सगळीकडेच तो भिनला होता. मेमीने हे ओळखले असावे. १९४६ सालीच तिने केनेथबरोबर न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत मुलांसाठी नॉर्थसाइड केंद्र काढले, आणि १९७९ पर्यंत ते चालवले. १९८३ साली ती वारली.

विद्यार्थ्याच्या संशोधनाची कदर करायची म्हणजे नुसती शाल-श्रीफळ देऊन भागत नाही. प्रश्न कोणाला सुचला, घरोघर कोण हिंडले, हे त्याच्या नावानिशी लिहून ठेवले पाहिजे. आणि निष्कर्ष आपल्याला रुचला नाही तरी तो तपासून पाहिला पाहिजे. उद्या तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीने विचारले, ‘गुरुजी, आपल्या शाळेत कोण कोणाशेजारी बसते, डबा कोण कोणाबरोबर खाते, ते मी मोजू का?’ तर तिला अडवू नका. वही द्या, मोजायला शिकवा, आणि वहीवर तिचे नाव घाला.