दोरोच्या उतारावर, १८६१

तुमच्या पायाखाली पिंपं आहेत. साठेक असावीत, प्रत्येकात सुमारे साडेपाचशे लिटर वाइन. लाकडाच्या फटींतून येणारा आंबूस-गोड वास नाकात बसला आहे आणि दुपारचं ऊन डोक्यावर आहे. तारीख १२ मे १८६१, वार रविवार. तुम्ही उत्तर पोर्तुगालमध्ये दोरो नदीवर आहात, पोर्तोच्या समुद्रापासून सुमारे दीडशे किलोमीटर आत. गादीवर पोर्तुगालचा राजा पाचवा पेद्रो आहे. इथून हजारो मैलांवरच्या पणजीवरही सध्या त्याचंच राज्य.

या नावेला राबेलो म्हणतात. मालवणचा एखादा तांडेल ती पाहून आधी हसेल. तळ सपाट, खाली कणा नाही, मागे नेहमीचं सुकाणूही नाही. त्याऐवजी एक भलंमोठं वल्हं आहे आणि ते फिरवायला पिंपांच्या वर मचाण बांधलं आहे. त्या मचाणावर उभा असलेला माणूस इथला तांडेल. पिंपांच्या रांगांवरून त्याला पुढचा खडक दिसायला हवा, म्हणून तो उंचावर. कणा नाही, कारण नदी उथळ आणि खडकाळ आहे. कणा असता तर पहिल्याच उतारावर अडकला असता. दोन-तीन उतार पार झाले की हसणारा गप्प होईल.

येताना डाव्या काठावर तुम्ही वेझूविओचा मळा पाहिलात. तो दोना आंतोनिया फेरैराचा. बाई पन्नाशीला टेकलेल्या, या खोऱ्यातल्या सगळ्यांत मोठ्या मळेवाल्या. काही वर्षांपूर्वी पोर्तुगालमधल्या सर्वांत बलाढ्य सरदाराने, साल्दान्हाच्या ड्यूकने, आपल्या मुलासाठी बाईंच्या अल्पवयीन मुलीला मागणी घातली, तेव्हा बाई मुलीला घेऊन थेट लंडनला निघून गेल्या होत्या. आज त्यांच्याकडे पाहुणे आहेत. त्यांतला एक जोसेफ जेम्स फॉरेस्टर. हलमध्ये जन्मलेला इंग्रज, १८३१ मध्ये काकाच्या वाइनच्या पेढीवर पोर्तोत आला आणि इथलाच झाला. या नदीचा वळणावळणाचा नकाशा त्याने स्वतः काढला. तो इतका चांगला उतरला की पोर्तुगालच्या राजाने त्याला बॅरन केलं. दोरो त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नाही, असं काठावरचे लोक म्हणतात.

जेवण उरकून ती मंडळी नावेत बसली आहेत. त्यांची नाव तुमच्या पुढे आहे.

आता नदी आवळते. दोन्ही बाजूंनी ग्रॅनिटचे कडे जवळ येतात, सावली पडते, आणि आधी कानांना नुसता घुमणारा आवाज येतो. हा वालेइराचा उतार. सत्तरेक वर्षांपूर्वीपर्यंत इथून नाव जातच नव्हती. खडकांनी पात्र अडलं होतं आणि वरच्या खोऱ्यातला माल इथे थांबायचा. राणी पहिल्या मारियाच्या काळात, १७८० पासून बारा वर्षं सुरुंग लावून वाट मोकळी केली आणि कड्यावर तसा लेख कोरला. वाट झाली, पण नदी काही शहाणी झाली नाही. आज पाणी चढलेलं आहे. तुमचा तांडेल क्रूसाची खूण करतो.

पुढे काय होणार हे तुम्हाला ठाऊक आहे. ओरडावंसं वाटेल, पण मराठीत ओरडून इथे कुणाला काय कळणार?

पुढची नाव तिरकी होते, खडकाला लागते, उलटते. सगळं इतक्या पटकन होतं की तुमची नाव त्याच पाण्यातून निघून पलीकडच्या शांत डोहात येते तेव्हा मागे वळून पाहायचं राहून गेलेलं असतं. दोना आंतोनिया वाचतात, त्यांचे पतीही वाचतात. फॉरेस्टर बुडतो. त्याचं शव कधीच सापडणार नाही.

या अपघाताच्या दोन कथा आजही सांगतात. बायका घेरदार क्रिनोलिनच्या झग्यांमुळे तरंगल्या, ही एक. फॉरेस्टरच्या कमरेला सोन्याच्या नाण्यांनी भरलेला पट्टा होता आणि त्याने त्याला तळाशी नेलं, ही दुसरी. पहिली मला जरा सोयीची वाटते. भिजलेलं कापड किती वेळ तरंगणार? दुसरी पटते. डोंगरातल्या मजुरांना आणि छोट्या मळेवाल्यांना पैसे रोखच द्यावे लागत, आणि रोकड न्यायला रस्ता हाच.

खोरं उघडतं आणि आता तुम्हाला डोंगर पाहायला सवड मिळते. पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडी बांधांच्या पायऱ्या. इथे माती जवळजवळ नाहीच. पाटीच्या दगडासारखा पापुद्रे सुटणारा खडक फोडून, त्याच दगडांचे बांध रचून, हाताने वाफे केलेले आहेत. खडकातल्या उभ्या चिरांमधून वेलीची मुळं खोल जातात आणि कोरड्या उन्हाळ्यात तिथलं पाणी शोधतात. नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, असं इथले लोक आपल्या हवेबद्दल म्हणतात. वेलींवर गंधकाची भुकटी दिसते, कारण मागच्या दशकात भुरीने मळे झोडपले. खरं संकट मात्र अजून यायचं आहे. वर्ष-दोन वर्षांत फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड इथे पोहोचेल. त्यानंतर कित्येक बांध कायमचे ओस पडतील आणि त्यांवर झुडपं माजतील. अशा मेलेल्या पायऱ्यांना इथे मोर्तोरिओ म्हणतात.

पिन्यांव येतं. आजचं स्टेशन अजून नाही, त्याच्या भिंतींवरची निळ्या फरशांची चित्रंही नाहीत. रेल्वे १८८० मध्ये येईल. पुढे काठावर ग्रॅनिटचा एक बुटका खांब दिसतो. पोर्तुगालचा तेव्हाचा बलाढ्य मंत्री, पोंबालचा मार्किस, याने १७५६ मध्ये सरकारी कंपनी काढली आणि अस्सल पोर्टची द्राक्षं कुठे पिकतात त्याची हद्द असे खांब रोवून आखली. वाइनला रंग चढवायला एल्डरबेरीचा रस घालत, म्हणून ती झाडंही उपटायला लावली. कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध पुढच्याच वर्षी पोर्तोत दंगल झाली, तेव्हा त्याने माणसं फासावर चढवली. शुद्धतेचा कायदा फार कडक हाताने आला.

मागे पाण्यात राहिलेला फॉरेस्टर याच भेसळीवर तुटून पडला होता. १८४४ मध्ये त्याने नाव न घालता एक पुस्तिका काढली: वाइनमध्ये रस घालू नका आणि ब्रँडीही ओतू नका. रसाच्या बाबतीत त्याचं म्हणणं टिकलं, ब्रँडीच्या बाबतीत हरलं. आजची पोर्ट म्हणजे आंबवण मध्येच द्राक्षाच्या स्पिरिटने थांबवलेली गोड, कडक वाइन. ती तशीच असावी असा नियमच आहे. मला विचाराल तर बरं झालं तो हरला. (गोव्याच्या दुकानात ‘पोर्ट’ म्हणून जी स्वस्त गोड बाटली मिळते, तिचा या डोंगरांशी संबंध नावापुरताच.)

रेग्वानंतर डोंगर हिरवे होतात, हवेत ओल येते. रात्री नाव काठाला लागते. खलाशी सुकवलेला कॉड शिजवतात. मग एका सकाळी धुकं, घंटा, समुद्रपक्षी. उजवीकडे पोर्तो, डावीकडे गाया, आणि दोहोंमध्ये झुलता पूल. इथेच १८०९ मध्ये फ्रेंच सैन्यापुढे पळणाऱ्या लोकांच्या गर्दीखाली होड्यांचा पूल खचला आणि हजारो बुडाले. नदीने या शहराला सुखासुखी वाइन दिलेली नाही.

पिंपं गायाच्या धक्क्यावर उतरतात आणि लांबलचक कौलारू वखारींत जातात. वरच्या खोऱ्यातल्या उन्हाने वाइन लवकर पिकते, बिघडते. इथे समुद्राची थंड, दमट हवा आहे, म्हणून मुरवायची इथे. वखारींवर इंग्रजी नावं. १७०३ च्या मेथुएन कराराने पोर्तुगीज वाइनला फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात ठरली, त्याची ही फळं. तुमची नाव रिकामी होऊन पुन्हा वर जाईल: पश्चिमेचा वारा असला तर चौकोनी शिडावर, नसला तर काठावरून दोर ओढणाऱ्या बैलांच्या आणि माणसांच्या बळावर.

तुम्ही मात्र नदीच्या मुखापर्यंत चालत जा. फोझला अटलांटिक आणि दोरो एकमेकांवर आदळतात आणि मध्ये वाळूचा बांध सरकत असतो. पिंपं वाहून नेणारी जहाजं त्यावर फुटत, म्हणून शेवटी १८८० च्या दशकात उत्तरेला लेइशोंइशचं वेगळं बंदर बांधायला घेतलं.

आता शंभर वर्षं पुढे या. १८८७ मध्ये रेल्वे स्पेनच्या सीमेपर्यंत पोहोचली आणि राबेलोंचं काम कमी होत गेलं. १९६० च्या दशकात शेवटच्या काही मालवाहू नावा थांबल्या. त्यानंतर पोर्तुगालच्या हद्दीत, मुखापासून वर, पाच धरणं झाली. उतार पाण्याखाली गेले, वालेइराही. आज जी बोट तुम्हाला वर नेते ती कारापातेलोच्या एकाच लॉकमध्ये ३५ मीटर उचलली जाते, आणि डेकवरच्या ग्लासातली वाइन डचमळत नाही.

ही शांतता फसवी आहे, असं मी म्हणणार नाही. ती खरीच आहे, सिमेंटची आहे. पण २००१ मध्ये युनेस्कोने ज्या खोऱ्याला वारसा ठरवलं, ते या स्थिर पाण्यावर उभं राहिलेलं नाही. म्हणून बोटीने वर जाल तेव्हा वालेइराच्या लॉकला जेवणाच्या टेबलावर बसून राहू नका, वर डेकवर या. ओसाड मोर्तोरिओही पाहा, फक्त नांगरलेले हिरवे मळे नकोत. आणि परतीला बोट नको, पोसिन्योहून पोर्तोची रेल्वे घ्या. फेरादोझाचा पूल ओलांडला की नदी डावीकडे येते. तिकडचीच खिडकी पकडा.