बायोगॅस स्लरी : ऊर्जापिकांचे खत

बायोगॅस संयंत्रातून वायू काढून घेतल्यावर उरणारा पातळ, काळपट तपकिरी शेष म्हणजे स्लरी. ज्या मक्यापासून वायू केला, त्याच मक्याच्या पुढच्या हंगामाला ती खत म्हणून देण्याची पद्धत जर्मनीत मोठ्या प्रमाणावर रुजली. तिथे 2000 साली अक्षय ऊर्जा कायदा आला आणि 2004 च्या दुरुस्तीने खास पिकवलेल्या कच्च्या मालापासूनच्या विजेला जादा दर मिळू लागला. संयंत्रे नऊ हजारांच्या वर गेली. देशातील सुमारे 25 लाख हेक्टर मक्यापैकी एक तृतीयांशाच्या आसपास मका बायोगॅसकडे वळला. मक्याच्या या अतिरेकाबद्दल तक्रारी वाढल्यावर 2012 मध्ये नव्या संयंत्रांसाठी मक्याचे प्रमाण 60 टक्क्यांवर रोखण्यात आले. पुढे ही मर्यादा आणखी खाली आली.

संयंत्रातील जिवाणू पिकातला कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिथेन व कार्बन डाय-ऑक्साइडच्या रूपाने बाहेर काढतात. नत्र, स्फुरद आणि पालाश जवळजवळ सगळे मागे राहतात. एक टन मुरघासापासून साधारण 200 घनमीटर बायोगॅस मिळतो. त्या वायूचे वजनच अडीचशे किलोच्या घरात जाते, म्हणजे स्लरी उरते पाऊण टन. हेक्टरी 45 ते 50 टन हिरवा मका निघाला तर त्याची स्लरी 35 टनांच्या आसपास भरते, आणि टनाला 5 किलो नत्र धरले तर 175 किलो नत्र त्याच रानात परत जाऊ शकते. कागदावर हे चक्र बिनचूक वाटते; रानात ते दोन-तीन ठिकाणी गळते.

पहिली गळती हवेत होते. कुजताना प्रथिनांतील नत्राचे अमोनियम होते; स्लरीतील निम्मे किंवा त्याहून जास्त नत्र या रूपात असते. पिकाला ते लगेच लागू पडते, त्यामुळे रासायनिक नत्राची बरीच बचत होते. पण स्लरीचा सामू 8 च्या आसपास असल्याने हेच अमोनियम अमोनिया होऊन उडते. उन्हाच्या, वाऱ्याच्या दुपारी ती उघड्या मातीवर फवारली, तर नत्राचा मोठा वाटा संध्याकाळपर्यंत गेलेला असतो. म्हणून टँकरच्या मागे रुंद दांडा असतो आणि त्याला ओळीने लोंबणाऱ्या नळ्या जमिनीलगत स्लरी सोडत जातात. मोकळ्या रानात ती लगेच मातीत मिसळावी लागते. 2017 च्या खत नियमावलीने त्यासाठी चार तास दिले होते. 2025 पासून एकच तास मिळतो.

दुसरी गळती भूजलात. मक्याची पेरणी एप्रिलअखेर, नत्राची खरी भूक जून-जुलैत. सप्टेंबरच्या कापणीनंतर टाकी रिकामी करण्यासाठी स्लरी ओतली, तर थंडीत ते नत्र नायट्रेट होऊन खाली झिरपते. त्यामुळे काही अपवाद वगळता मुख्य पिकाच्या कापणीनंतर 31 जानेवारीपर्यंत ती रानात घालण्यास बंदी आहे. किमान सहा महिन्यांची साठवण सक्तीची आहे. स्वतःची जमीन नसलेल्या संयंत्राला नऊ महिन्यांची. टाकीतही थोडा मिथेन निघत राहतो, म्हणून तिच्यावर वायुरोधक आच्छादन लागते.

2017 पासून हेक्टरी 170 किलो सेंद्रिय नत्राच्या मर्यादेत पिकांपासूनची स्लरीही मोजली जाते. वरचा हिशेब पाहिला तर मक्याची स्लरीच ही मर्यादा गाठते. त्यात कोंबडीखत किंवा डुकरांचे मलमूत्र मिसळले की आकडा हाताबाहेर जातो. वायव्य जर्मनीतील क्लोपेनबुर्ग, फेख्टा या दाट पशुपालनाच्या जिल्ह्यांत नेमके हेच घडले. काही ठिकाणी स्लरी दाबून घट्ट आणि पातळ भाग वेगळे करतात. घट्ट भागात स्फुरद अधिक असते आणि तो दूरच्या जिल्ह्यांत नेणे परवडते. पातळ भाग जवळच्या रानात जातो.

ह्यूमसची बाजू अर्धीच भरून येते. मक्याचे अख्खे ताट कापून नेल्याने रानात फक्त धसकटे उरतात. स्लरीतून लिग्निनसारखा न कुजलेला कार्बन परततो खरा, पण त्याने दरवर्षीची झीज भरेलच असे नाही. वसंतात ओल्या रानावर जड टँकर फिरला की माती घट्ट दबते, तो तोटा वेगळा. सिल्फियम हे पिवळ्या फुलांचे बहुवर्षायू पीक यावर एक उतारा मानले जाते. ते एकदा लावले की दहा वर्षांहून अधिक टिकते आणि जमीन झाकून ठेवते. मात्र लागणीच्या वर्षी कापणी मिळत नाही.

भारतात गोबर गॅसची स्लरी शेताला देणे जुनेच. 2018 च्या ‘सतत’ योजनेने संकुचित बायोगॅसला चालना दिली. त्यात साखर कारखान्यांचा प्रेसमड आणि नेपियर गवत हा कच्चा माल पुढे आला. 2023 मध्ये केंद्राने अशा सेंद्रिय खताच्या विक्रीसाठी टनाला 1,500 रुपयांचे साहाय्य मंजूर केले. नेपियर वर्षातून अनेकदा कापले जाते आणि जमिनीतून भरपूर पालाश उचलते. प्रत्येक कापणीनंतर स्लरी देता येत असल्याने जर्मनीतील मक्यापेक्षा इथला मेळ सोपा आहे. ठिबकमधून सोडायची असेल तर ती बारीक गाळावी लागते, नाहीतर ड्रिपर तुंबतात. मुसळधार पावसात स्लरी घालणे म्हणजे नत्र ओढ्याला देणे, त्यामुळे पावसाळ्यापुरती साठवणीची टाकी इथेही टाळता येत नाही.