एडवर्ड लिअर : पोटासाठी रंग

१८४६ या एका वर्षात एडवर्ड लिअरच्या हातून तीन गोष्टी घडल्या. इटलीतल्या भटकंतीवरचा त्याचा सचित्र ग्रंथ लंडनमध्ये निघाला. तो पाहून राणी व्हिक्टोरियानं त्याला चित्रकला शिकवायला बोलावलं. त्या उन्हाळ्यात त्यानं तिला बारा धडे दिले. आणि 'अ बुक ऑफ नॉनसेन्स' हे मुलांसाठीचं पुस्तक आलं, तेही टोपणनावानं. त्यावर त्याचं खरं नाव चढायला १८६१ची आवृत्ती यावी लागली. आज पहिल्या दोन गोष्टी जाणकारांपुरत्या उरल्या आहेत आणि तिसरी जगभर पसरली आहे. लिअर मात्र जन्मभर आपला धंदा निसर्गचित्रकाराचा असंच सांगत राहिला, आणि ते खोटं नव्हतं.

१२ मे १८१२चा जन्म. एकवीस भावंडांत विसावा. वडिलांवर आर्थिक संकट आलं, घर विस्कटलं आणि थोरली बहीण अ‍ॅन हिनं त्याला वाढवलं. पंधराव्या वर्षापासून तो चित्रं काढून पैसे मिळवू लागला. लहानपणापासून अपस्माराचे झटके येत. ते त्यानं लोकांपासून लपवून ठेवले, रोजनिशीत मात्र फुलीची खूण करून नोंदवले.

अठराव्या वर्षी त्यानं पोपटांवरचा ग्रंथ हाती घेतला. त्या काळी पक्षी रंगवायचे ते बहुधा पेंढा भरलेले. लिअर प्राणिसंग्रहालयात जाऊन जिवंत पोपटांसमोर बसला. मोजमापं घेतली, दगडावर स्वतः रेखाटन केलं, शिळाछाप काढून ते हातानं रंगवून घेतले. प्रती १७५, त्या निघाल्या की दगड पुसायचा, कारण दुसरा घ्यायला पैसे नसत. चौदा भागांचा बेत होता, १८३० ते १८३२ मध्ये बारा निघाले आणि बेचाळीस चित्रांवर काम थांबलं. त्यातला एक निळा मकाव त्यानं ठाऊक असलेल्या जातीचा म्हणून काढला होता. ती जात वेगळीच निघाली. १८५६ मध्ये बोनापार्त या पक्षिशास्त्रज्ञानं तिला लिअरचं नाव दिलं. जातीचा फरक चित्रावरून कळावा, इतकी नजर विशीतल्या या पोराजवळ होती.

हे पोपट नीट पाहिले की त्याच्या बाळकवितांतली रेखाटनंही वेगळी दिसू लागतात. पोपटांच्या डोळ्यांत माणसासारखा मिस्किल, शिष्ट भाव आहे. आणि कवितांतली माणसं हात पंखांसारखे मागे टाकून एका पायावर उभी असतात. दोन्ही हात एकाच माणसाचे. पोपटांचं काम पाहून डर्बी घराण्यानं त्याला नोस्ली इथल्या खाजगी प्राणिसंग्रहाची चित्रं काढायला ठेवून घेतलं. विक्षिप्त म्हाताऱ्यांच्या त्या पाच ओळींच्या कविता तिथल्याच मुलांना हसवण्यासाठी सुरू झाल्या.

दृष्टी अधू होत गेली तशी पिसांची बारीक कलाकुसर जमेना. १८३७ मध्ये तो रोमला गेला आणि निसर्गचित्रांकडे वळला. शिक्षणाची उणीव मात्र त्याला कायम बोचत असावी. एरवी सदतिशीचा, राणीला शिकवून आलेला माणूस १८५० मध्ये रॉयल अकॅडमीच्या शाळेत पोरांच्या रांगेत कशाला बसेल? दोन वर्षांनी तैलरंगाचे धडे घेतले ते आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या होल्मन हंटकडून.

इथं त्याचं गणित चुकलं असं मला वाटतं. मोठं तैलचित्र म्हणजेच मोठी कला, हा तेव्हाचा समज त्यानं मनोमन मान्य केला. लेबनॉनच्या देवदारांचं तब्बल नऊ फुटी चित्र त्यानं काढलं. त्यातली झाडं इंग्लंडातल्या एका हॉटेलच्या बागेतल्या देवदारांवरून रंगवली. किंमत ठेवली ७३५ पौंड. प्रदर्शनात ते उंचावर टांगलं गेलं, वृत्तपत्रातून टीका झाली आणि १८६७ मध्ये ते २०० पौंडांना गेलं. याच सुमारास 'नॉनसेन्स'चे हक्क त्यानं १२५ पौंडांत विकून टाकले होते. पुस्तक मग आवृत्त्यांमागून आवृत्त्या खपत राहिलं, पैसा प्रकाशकाकडे गेला. हातातोंडाची गाठ पडावी म्हणून तो एका वेळी साठ साठ जलरंगचित्रं मांडून ठेवी आणि एकच रंग घेऊन ओळीनं सगळ्यांवर फिरे. त्या चित्रांना त्यानंच नाव दिलं होतं 'जुलमी'.

त्याचं खरं बळ होतं ते विकायला न काढलेल्या रेखाटनांत. जागेवर बसून पेन्सिलीनं भराभर रेघा, कोपऱ्यात गाव, तारीख, चक्क घड्याळातली वेळ. कुठं कोणता रंग ते शब्दांत लिहिलेलं, तेही मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगनं. पुढे सवडीनं त्यावर शाई आणि पातळ रंगाचा हात. हवा, उजेड, अंतर सगळं त्यात असतं. तैलचित्रात नेमकं तेच गोठून जातं.

आपला संबंध येतो तो इथं. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकच्या निमंत्रणावरून १८७२ मध्ये तो निघाला आणि सुएझवरूनच परत फिरला. पुढच्या वर्षी, एकसष्टाव्या वर्षी, जॉर्जिओ या जुन्या सेवकासह २२ नोव्हेंबरला मुंबईत उतरला. दार्जिलिंगहून कांचनजंगा रेखाटली (तिची तैलचित्रं पुढे इंग्लंडातल्या आश्रयदात्यांसाठी झाली), हिमालयाची वारी केली आणि १८७४च्या पावसाळ्यात पुण्यात येऊन थांबला. त्याच जुलैमध्ये 'द कमरबंड' ही त्याची कविता मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त छापून आली. तीत धोबी हे बसायचं आसन आहे आणि कमरबंद हे माणूस गिळणारं जनावर. इंग्रज मुलाला ही नुसती गंमत वाटते. खरी मजा आपल्याला, कारण धोबी कोण आणि कमरबंद काय हे आपल्याला ठाऊक असतं.

२९ जानेवारी १८८८ रोजी सान रेमोला तो वारला. रेखाटनांचे गठ्ठे लशिंग्टन या मित्राकडे गेले, १९२९ मध्ये लिलावात फुटले. पुढे त्यांतली हजारो हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात जमा झाली. भारताची रोजनिशी आणि इथली कितीतरी रेखाटनं तिथंच आहेत. जागा, तारीख, वेळ सगळं त्यानंच लिहून ठेवलंय. मुंबई-पुण्याची रेखाटनं हाती घेऊन इथल्याच कुणी त्या त्या जागी उभं राहून ती ताडून पाहायला हवीत.