गाडीची काच अडकते? खाचेत कोणतं वंगण टाकावं?

पॉवर विंडोचं बटण दाबलं की काच कुरकुरत निघते आणि मध्येच थांबते. टोलनाक्यावर पाऊस सुरू झाला की हे जास्तच जाणवतं. अनेकदा दोष मोटरचा नसतो. काच ज्या रबरी खाचेतून सरकते तिथं धूळ बसलेली असते आणि रबर कोरडं पडलेलं असतं.

मग हाताला लागेल ते ओतलं जातं: खोबरेल, इंजिन ऑइल, ग्रीस. घोळ इथंच होतो. ही खाच बहुधा ईपीडीएम रबराची असते. ऊन-पाऊस ते छान सोसतं, पण पेट्रोलियम तेलानं फुगतं, मऊ पडतं आणि काच आणखी घट्ट बसते. तेलाला धूळ चिकटते ती वेगळीच. डब्ल्यूडी-४० मधलं ‘डब्ल्यूडी’ म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’, पाणी हटवणं. गंजलेल्या नटबोल्टला ते उत्तम, या खाचेला नाही.

इथं सिलिकॉन स्प्रे हवा. काहींत पेट्रोलियम द्रावक असतो, म्हणून डब्यावर ‘रबरासाठी सुरक्षित’ असं लिहिलेलं पाहूनच घ्यावा. काच खाली करून खाच ओल्या फडक्यानं पुसावी, वाळू द्यावी, नळीनं थोडासाच स्प्रे मारावा आणि काच चार-पाच वेळा वर-खाली करावी. पुढच्या काचेवर मात्र तो उडू देऊ नये. वायपर फिरला की धूसर दिसतं.

दाराच्या आतल्या धातूच्या रेग्युलेटरला पांढरं लिथियम ग्रीस चालतं. काच तिरकी चढत असेल किंवा आतून कटकट आवाज येत असेल, तर बटण दाबत न बसता गाडी मेकॅनिककडे न्यावी.