वर्तुळाचा गोल

चाळिशीनंतर चित्रकला शिकायला बसले, तेव्हा पहिला धडा पांढऱ्या चेंडूचा होता. टेबलावर चेंडू, डाव्या बाजूला दिवा, हातात २बी पेन्सिल. वर्तुळ बरं जमलं. मग उजव्या कडेने पेन्सिल घासत गेले आणि काठ काळा केलेली थाळी तयार झाली. बाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "काळं नाही करायचं, गोल करायचं."

मराठीत वर्तुळही गोल आणि चेंडूही गोल. माझ्या कागदावर पहिला गोल होता, बाईंना दुसरा हवा होता. एकातून दुसऱ्यात जायचं कसं, हाच नवशिक्याचा खरा प्रश्न. त्याचं उत्तर मला पेन्सिलीइतकंच शब्दांतही सापडलं.

आधी रेघ. संस्कृत ‘रेखा’, प्राकृतात ‘रेहा’, मराठीत ‘रेघ’. तिच्या मुळाशी असलेला ‘रिख्’ धातू म्हणजे ‘लिख्’चंच जुनं रूप, आणि त्याचा मूळ अर्थ ओरखडणे. लिहिणं आणि रेखाटणं ही एकाच ओरखड्याची लेकरं. चौसष्ट कलांच्या यादीत चित्रकलेला ‘आलेख्य’ म्हटलंय ते त्यामुळेच. योगायोग असा की, शिसपेन्सिलीत शिसं मुळीच नसतं, असतं ते ग्रॅफाइट. आणि त्याला १७८९मध्ये वेर्नर या जर्मन खनिजतज्ज्ञाने ते नाव दिलं ते ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून.

पण रेघेने वर्तुळच होतं. चेंडू होतो तो शेडिंगने, आणि शेडिंगला आपला जुना शब्द आहे ‘वर्तना’. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातल्या चित्रसूत्रात म्हटलंय की, आचार्य रेखेची वाखाणणी करतात आणि जाणकार वर्तनेची. वर्तनेचे तीन प्रकारही तिथे दिलेत: पानाच्या शिरांसारख्या रेघांची ‘पत्रज’, अतिशय सूक्ष्म अशी ‘ऐरिक’ आणि ठिपक्याठिपक्यांची ‘बिंदुज’. आज वर्गात आम्ही हॅचिंग आणि स्टिपलिंग म्हणून जे गिरवतो, त्याची ही जुनी भावंडंच.

‘वर्तना’ शब्दात काळोख कुठेच नाही, सावलीही नाही. त्यात आहे ‘वृत्’ धातू: फिरणे, वळणे. वर्तुळ त्याच धातूचं, आणि वर्तुळातूनच झिजत झिजत झालेलं आपलं ‘वाटोळं’ही. म्हणजे आपल्या भाषेत चपटं वर्तुळ आणि त्याला गोलाई देणारी वर्तना सख्ख्या बहिणी आहेत. शेडिंग म्हणजे पृष्ठभाग उजेडाकडून हळूहळू पाठ कसा फिरवतो ते दाखवणं. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर उभं राहा. त्याचा चेहरा भिंतीवरून पुढे आल्यासारखा वाटतो तो नुसत्या रेघेमुळे नव्हे, या वळत्या छटांमुळे.

याच कुळातला एक शब्द आपल्या देवघरात आहे. ‘वर्ति’, प्राकृत ‘वत्ति’, मराठी ‘वात’. आजी दुपारी तळहातावर कापूस घेऊन वाती वळायची. वळून होते ती वात. ‘वर्तिका’ म्हणजेही वात, आणि चित्रकाराची लेखणीसुद्धा. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात दुष्यंत शकुंतलेचं अर्धवट चित्र पुरं करायला मागवतो ती हीच वर्तिका. वर्गात छटा एकमेकींत मिसळायला बाईंनी कागदाची घट्ट गुंडाळी करून दिली, तेव्हा मला त्यात आजीची वातच दिसली.

उरली टेबलावरची सावली. चेंडूच्या अंगावरची ती छाया, टेबलावरची ती पडछाया. ही ‘पडते’ म्हणून पडछाया, असं वाटतं खरं. पण यातला ‘पड’ म्हणजे ‘प्रति’. प्रतिशब्दाचा पडसाद, प्रतिजिव्हेची पडजीभ, तशी प्रतिच्छायेची पडछाया. आवाजाला जसा पडसाद, तशी वस्तूला पडछाया: समोरून आलेलं उत्तर. चेंडूला टेबल आहे याची ती साक्ष. ती काढली नाही, तर कितीही गोलाई आणली तरी चेंडू अधांतरी राहतो.

दुसऱ्या दिवशी नवा कागद घेतला. काठ गडद करायचा मोह आवरला. दिव्याकडची जागा कोरी ठेवली आणि तिथून पेन्सिल चेंडूच्या अंगाबरोबर फिरवत नेली, हलक्या हाताने, तीनदा, चारदा. सगळ्यात गडद पट्टा काठावर नव्हता, काठाच्या जरा आत होता. काठाशी टेबलावरून परतलेला पुसट उजेड होता. काल तो मला दिसलाच नव्हता. मग खाली पडछाया टेकवली. बाई जवळ आल्या, बघितलं आणि काही न बोलता समोरचा चेंडू उचलून त्या जागी मातीचा माठ ठेवला.