सायमन बेन्सन : पाणपोया उभारणारे लाकूड व्यापारी

सायमन बेन्सन (१८५१–१९४२) हे अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील नामवंत लाकूड व्यावसायिक. त्यांचा व्यवसाय केव्हाच इतिहासजमा झाला. पण त्यांनी पोर्टलंड शहराला दिलेल्या पाणपोया आजही वाटसरूंची तहान भागवीत आहेत. म्हणूनच त्यांच्या कार्याचा हा अल्प परिचय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बेन्सन यांचा जन्म नॉर्वेत झाला. १८६७ साली, किशोरवयातच, ते अमेरिकेत आले. विस्कॉन्सिन राज्यात थाटलेले त्यांचे दुकान आगीत भस्मसात झाले. पुढे ऑरेगनमध्ये त्यांनी जंगलतोडीच्या व्यवसायात जम बसविला. बैलांकरवी ओंडके ओढण्याची जुनी रीत सोडून त्यांनी वाफेची यंत्रे व रेल्वे वापरली. १९०६ पासून ते ओंडके साखळदंडांनी बांधून चिरुटाच्या आकाराचे प्रचंड तराफे तयार करीत आणि समुद्रमार्गे सुमारे १,१०० मैलांवरील सॅन डिएगोला धाडीत.

१९१२ साली त्यांनी कांस्याच्या २० पाणपोयांसाठी शहराला १०,००० डॉलर दिले. कामगारांना तहान लागल्यास दारूच्या गुत्त्याखेरीज आसरा नसे, ही खंत त्यामागे होती, असे सांगतात. चार वाट्यांच्या या पाणपोया पुढे शहराने वाढविल्या. आज ‘बेन्सन बबलर’ या नावाने त्या सर्वश्रुत आहेत.

तंत्रशिक्षणाच्या शाळेसाठी त्यांनी १,००,००० डॉलर देऊ केले. मात्र तेवढीच रक्कम शहरानेही उभारावी, अशी अट घातली. त्यातून उभे राहिलेले बेन्सन पॉलिटेक्निक सुरुवातीला केवळ मुलांसाठी होते. १९७३ पासून तेथे मुलींनाही प्रवेश मिळू लागला. मल्टनोमा व वाकीना या धबधब्यांभोवतीची जमीनही त्यांनी जनतेसाठी दान केली. मल्टनोमा धबधब्यावरील पादचारी पूल त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

ही संपत्ती शतकानुशतके वाढलेली अरण्ये तोडून मिळाली होती, हेही नमूद केले पाहिजे. धबधब्यांभोवतीचे वन राखले गेले, तरी तोडलेले अरण्य परत आले नाही. तथापि, बेन्सन यांच्या दानाचा एक विशेष आम्हांस महत्त्वाचा वाटतो. पाणी, शिक्षण आणि निसर्ग यांचा लाभ त्यांनी ओळखीपाळखीच्या मोजक्यांपुरता राखला नाही. शिवाय, शाळेच्या बाबतीत समाजालाही आपला वाटा उचलायला लावला. दान करू इच्छिणाऱ्या संस्थांनी व कुटुंबांनी विचारात घ्यावी, अशी ही रीत आहे.